नवरा देव मानत नाही : माळकरी बाईने संसार कसा करावा?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. माहेर आणि सासर दोन्ही माळकरी. लग्न झालं तेव्हा नवरा देवळात यायचा, सप्ताहात पंगतीला वाढायचा. गेल्या काही वर्षांत तो ‘मी देव मानत नाही’ असं उघड म्हणतो आणि ६ डिसेंबरच्या रात्री बेळगावच्या स्मशानातल्या कार्यक्रमाला जातो. यंदाच्या पारायणात एका महाराजांनी सांगितलं की नास्तिकाच्या संगतीत भक्ती नासते. तेव्हापासून ताईंना वाटतंय की आपण नवऱ्यापासून मनाने लांब राहावं. मुलाला माळ घालायची आहे, त्याला नवऱ्याचा विरोध आहे. त्यात धाकट्या बहिणीला देव न मानणाऱ्या मुलाचं स्थळ आलंय आणि माहेरची माणसं ताईंचाच सल्ला मागताहेत.

ताई, मी स्वतः माळकरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कुटुंब-समुपदेशनाचं काम करताना अशी घरं खूप पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

महाराजांच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. त्यांनी पदरचं काही सांगितलेलं नाही. नारदभक्तिसूत्रातलं ४३वं सूत्र म्हणतं की दुःसंग सर्वथा टाकावा. ६३वं सूत्र तर नाव घेऊन सांगतं की नास्तिकाचं चरित्र ऐकू नये. पण सूत्र एकेकटं उचलून वाचायचं नसतं. ४३च्या मागोमाग येणारं सूत्र दुःसंग का टाकायचा ते सांगतं: त्यातून काम, क्रोध, मोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश होतो. म्हणजे संगत ओळखायची खूण तिथेच दिली आहे. आता तुम्हीच बघा, नवऱ्याच्या सोबतीने तुमच्यात यातलं काय वाढलं? तुमच्या लिहिण्यात मला क्रोध दिसला, आणि तो नवऱ्याच्या बोलण्याने आलेला नाही, पारायणानंतर आलेला आहे. ६३व्या सूत्रात नास्तिकाच्या जोडीला स्त्री आणि धनसुद्धा आहे. त्यावरून कोणी माळकरी बायको सोडत नाही की शेतीचा हिशेब सोडत नाही. त्या गोष्टी चघळत बसू नका, मन तिकडे ओढलं जातं, एवढंच ते सूत्र सांगतं. आणि त्याच्या लगेच पुढचं सूत्र, ६४वं, अभिमान आणि दंभ टाकायला सांगतं. ७४वं म्हणतं, ‘वादो नावलम्ब्यः’, वाद घालू नये. ही सगळी सूत्रं तुम्हाला उद्देशून आहेत, तुमच्या नवऱ्याला उद्देशून एकही नाही.

म्हणून पहिलं उत्तर स्पष्ट देते: मनाने लांब जाऊ नका. त्याने तुमची भक्ती वाचणार नाही. देव न मानणाऱ्या माणसाजवळ राहून श्रद्धा गेलेली बाई मी क्वचितच पाहिली. घरात रोज देवावरून भांडण झाल्यामुळे देवाचं नावसुद्धा नकोसं झालेली माणसं मात्र पाहिली आहेत, आणि त्यांत मुलं जास्त.

एकाच घरात दोन रीती नांदवणं आपल्याकडे नवीन नाही. आपल्या भागात सासू माळकरी आणि सासरे यात्रेचं मटण खाणारे, अशी घरं गल्लोगल्ली होती, आजही आहेत. उचगावच्या मळेकरणी देवीच्या नावाने जेवणावळी उठायच्या, घरातले पुरुष जेवून यायचे. घरी करायचं झालं तर परड्यात तीन दगडांची चूल मांडायची, त्याची भांडी वेगळी, वाढायला माळकरी बाई जायची नाही. पण म्हणून तिने नवऱ्याला कमी लेखलं नाही, आणि त्यानेही तिच्या एकादशीला चुकूनसुद्धा मासळी घरात आणली नाही. कोणाला कोणाची रीत पटलेली नव्हती. ती वागवून घेतली जायची. तुमच्या आत्याबाईंना विचारा, त्यांच्या सासूने हे कसं निभावलं ते सांगतील. तुमच्या घरातला फरक त्याहून खोल आहे हे मला कळतं. ताटातल्या फरकापेक्षा मनातला फरक जास्त बोचतो. पण निभावण्याची रीत तीच आहे: माझी वस्तू माझी, तुझी तुझी, आणि दोघांच्या मधली जागा दोघांनी स्वच्छ ठेवायची.

आता रोजच्या वागण्याबद्दल. पहिली गोष्ट, तुमची साधना उघड करा. काही बायका नवऱ्याला आवडत नाही म्हणून हरिपाठ पुटपुटत म्हणतात, एकादशीला ‘आज भूक नाही’ असं सांगतात. असं करू नका. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं त्याला तुम्ही कोण आहात हे दिसलं पाहिजे. उलट बाजूने, हरिपाठाचा आवाज तो घरात असतानाच वाढवणं, त्याच्या खुर्चीसमोर पोथी मांडणं, हेही नको. तुमच्या उपासनेला त्याची संमती लागत नाही, तसा तो प्रेक्षक म्हणूनही लागत नाही.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची, आणि इथे मी फार आग्रही आहे. चहात अंगारा मिसळणं, उशीखाली ताईत ठेवणं, त्याच्या शर्टाचा तुकडा घेऊन कोणाकडे तरी ‘बघायला’ जाणं. आपल्या भागात हे चांगल्या घरातल्या, शिकलेल्या बायका करतात आणि प्रेमापोटी करतात. पण हे त्या माणसाला फसवणं आहे. ज्या दिवशी त्याला चहाच्या तळाशी राख दिसेल, त्या दिवशी तो तुमच्या हातचं निर्धास्तपणे खाणं सोडेल आणि देवाबद्दल त्याचं जे मत आहे ते आणखी घट्ट होईल. त्याच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते ना? पांडुरंगापुढे बसून करा. तिथे तुम्हाला कोणी अडवत नाही.

नवसाचंही तसंच. तो आजारी पडला, तुम्ही सौंदत्तीला रेणुका यल्लम्माला नवस बोललात, तर तुमच्या पायांनी चालून फेडा. ‘माझ्या नवऱ्याला बरं कर, तो डोंगरावर लोटांगण घालेल’ असा नवस बोलायचा अधिकार तुम्हाला नाही. दुसऱ्याच्या देहाची बोली आपण लावू नये. बोलून बसला असाल तर त्याच्यामागे तगादा लावू नका, देवीची क्षमा मागून तुमच्या अंगाने जमेल ते करा. देवीला मनातलं कळतं असं आपणच मानतो ना?

पैशाचं आधीच ठरवून टाका. सप्ताहाची पट्टी, दिंडीचा खर्च, महाप्रसादाचा शिधा, यासाठी वर्षाला किती जायचे ते दोघांनी बसून ठरवा आणि पावती तुमच्या नावाने करा. त्याच्या नावाने पावती फाडली की गावात त्याला उत्तरं द्यावी लागतात. त्याने कामात हात लावू नये असं मात्र मुळीच नाही. मांडवाचे खांब पुरणं, पाण्याचा टँकर, पंगतीत वाढणं या कामांत देव न मानणारी माणसं मनापासून राबताना मी पाहिली आहेत. त्यांना बोलवा आणि काम झाल्यावर ‘शेवटी देवानेच तुला बोलावलं बघ’ असं म्हणू नका. ते वाक्य ऐकून पुढच्या वर्षी न आलेला एक तरुण माझ्या चांगला ओळखीचा आहे.

गणपतीत प्राणप्रतिष्ठेला तो बसत नसेल तर दीर बसतील, मुलगा बसेल, तुम्ही बसा. त्यावर यापेक्षा जास्त चर्चा नको.

त्याला वळवण्याबद्दल. तुम्ही ‘एक ना एक दिवस तो माळ घालेल या आशेवर जगते’ असं लिहिलंय. आशा ठेवायला कोणाची हरकत नाही. पण त्या आशेवर संसार उभा करू नका. त्याच्याकडे बघताना तुम्हाला समोरचा माणूस दिसला पाहिजे, पुढे कधीतरी होणारा वारकरी नव्हे. गीतेच्या शेवटच्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर (१८.६३). त्याच अध्यायात, चार श्लोकांनंतर, हेही आहे की ज्याला ऐकायची इच्छा नाही त्याला हे सांगू नये (१८.६७). ऐकायची इच्छा नसलेल्याच्या कानाशी रोज सकाळी मोबाइलवर प्रवचन लावणं हे या श्लोकाच्या विरुद्ध आहे. त्याने विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर तुमचं आयुष्य त्याच्यासमोर आहेच.

आणि तुमच्या एकटेपणाबद्दल, कारण त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि मला तीच सगळ्यात जड वाटली. कीर्तनाहून रात्री घरी यायचं, मन भरून आलेलं, आणि ते सांगायला घरात कोणी नाही. हे दुःख खरं आहे. त्याला ‘ॲडजस्ट करा’ म्हणून झटकून टाकता येत नाही. दोन गोष्टी करा. भक्तीतलं जे बोलायचं त्यासाठी बरोबरीच्या बायका हव्यातच: भजनी मंडळ असेल, हरिपाठाला जमणाऱ्या शेजारणी असतील, दिंडीतल्या मैत्रिणी असतील. नवरा ही एकच व्यक्ती सगळ्या गरजांना पुरी पडत नाही, भक्त नवराही पडत नाही. पण त्या मंडळात नवऱ्याची गाऱ्हाणी नेऊ नका. एकदा का ‘बिचारी, हिचा नवरा नास्तिक’ असं सुरू झालं की तिथे मिळणारी कीव तुम्हाला गोड लागायला लागते, आणि घरी आल्यावर नवरा त्या कीवेतून दिसायला लागतो. दुसरी गोष्ट, त्याला तुमचा आनंद सांगणं बंद करू नका. उपदेश म्हणून नको, दिवसभरात काय घडलं ते सांगतो तसं सांगा. कुठल्या गावच्या पखवाजवाल्याने काय वाजवलं, चंद्रभागेच्या वाळवंटात कोण भेटलं, कुठल्या अभंगाला तुम्हाला रडू आलं. देव न मानणाऱ्यालाही बायकोला रडू का आलं हे ऐकावंसं वाटतं. त्याच्याकडूनही ऐका. तो देव मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तो कशाकशाला जपतो, कशाने हलतो, हे शेवटचं कधी विचारलंत?

आता स्मशान. तुमची भीती मला समजते. आपल्याकडे मर्तिकाला जाऊन आलेला माणूससुद्धा अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी यांच्या मानव बंधुत्व वेदिके या संघटनेतर्फे हा कार्यक्रम होतो. लोक तिथे रात्र काढतात, जेवतात, भाषणं ऐकतात. स्मशानाची आणि भुताखेतांची भीती मनातून जावी हा त्यामागचा हेतू. तिथे कोणाच्या देवाचा अपमान करायला तुमचा नवरा जात नाही. तुम्हाला सोबत जायची गरज नाही. तो परत येईल तेव्हा पाणी तापवून ठेवा आणि म्हणा, ‘आधी अंघोळ केलीत तर मला बरं वाटेल.’ ‘घराला दोष लागेल’ म्हणालात तर त्याला वाद घालावा लागेल. ‘मला बरं वाटेल’ यावर वाद होत नाही. बहुतेक नवरे करतात. नाहीच केली तर तुम्ही तुमच्या देवघरात पाणी शिंपडा आणि पोराला शाळेत पाठवा.

इथे एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहिते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ला हल्ला झाला, चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घरीच मारलं. पुणे जरा लांब आहे, पण कोल्हापूर आणि धारवाड आपल्या दोन्ही हातांना आहेत. तुमच्या नवऱ्यासारखी माणसं कार्यक्रमाला निघतात तेव्हा हे त्यांच्या मनात असतं. अशा माणसाच्या घरात पाहुणेमंडळी जमलेली असताना कोणी म्हणालं की ‘असल्या लोकांना असंच पाहिजे’, आणि माळकरी बायको गप्प बसली, तर ती शांतता तो कधी विसरत नाही. तिथे तुम्ही बोललं पाहिजे. भावकीतला कितीही थोर माणूस असो, ‘आमच्या घरात हे बोलायचं नाही’ असं तुम्ही म्हणायचं. गळ्यात माळ असलेल्या बाईच्या तोंडून ते आलं की त्याला वजन येतं.

मुलाच्या माळेचा प्रश्न. माळ म्हणजे दागिना नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी, वारी, हा नेम आयुष्यभराचा. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मला विचाराल तर थांबा. जो नेम पाळणार त्यानेच तो घ्यावा आणि घेताना त्याला कळावं. विरोध आहे म्हणून थांबायला सांगत नाहीये, नवरा माळकरी असता तरी हेच म्हणाले असते. तोवर मुलाला तुमच्याबरोबर काकड्याला न्या, टाळ धरायला शिकवा, दिंडीत चालवा. यालाही नवरा नको म्हणत असेल तर तिथे तो चुकतोय, आणि हे पत्र त्याला दाखवायला माझी ना नाही. आईची भक्ती बघण्याचा मुलाला हक्क आहे, बापाचे प्रश्न ऐकण्याचाही आहे.

मुलगा विचारेल, ‘आई, देव आहे का?’ तुम्ही म्हणा, ‘मी मानते, आणि का मानते ते सांगते.’ बाप म्हणेल, ‘मी मानत नाही, आणि का ते सांगतो.’ ‘बाबांना काही कळत नाही’ आणि ‘आई भोळी आहे’ ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा. मुलाला निवाडा करायला बसवू नका. मोठा झाल्यावर तो काय ठरवेल ते तुमच्या दोघांच्याही हातात नाही, आणि हे तुमच्या दोघांनाही सारखंच अवघड जाणार आहे.

तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नांतून तुमच्या भक्तीला काही मिळू शकतं, हेही सांगायला हवं. निपाणीकडच्या एका घरात सुनेच्या केसात जट आली. घरची माणसं म्हणाली यल्लम्माचं बोलावणं आलं, आता कापायची नाही. नवरा देव न मानणारा. त्याने आधी कात्रीच घेतली होती, घरात आकांत झाला. नंतर तो शांत झाला आणि बायकोला एवढंच विचारलं, ‘तुझी देवीवर भक्ती आहे की तुला देवीची भीती वाटते?’ ती रात्रभर विचार करत बसली. पुढच्या आठवड्यात तिने देवीला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली आणि स्वतःच्या हाताने जट कापायला बसली. नवऱ्याने आरसा धरला. पौर्णिमेला ती सौंदत्तीला गेली, आजही जाते, पूर्वीपेक्षा हलक्या मनाने जाते. आपल्या भागात जटेवरून आणि नवसावरून किती पोरी देवीला सोडल्या गेल्या हे आपण सगळे जाणतो. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी सोडण्याला बंदी करणारा कायदा केला. ती प्रथा थांबवायला झटणाऱ्यांत देव न मानणारेही होते आणि यल्लम्माला मनापासून मानणारेही होते. त्यांनी एकमेकांचं मत बदलायची वाट पाहिली असती तर एकही पोर वाचली नसती.

हे सगळं दोन्हीकडून सभ्यता असेल तर. त्याने देव्हारा फेकला, माळ तोडली, वारीला जाऊ नये म्हणून कोंडलं, हात उचलला, तर ते विचारांचं अंतर राहत नाही, तो छळ झाला. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तुमच्या लिहिण्यात असं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी असेल. आणि हेच माप श्रद्धाळू माणसालाही लागतं. देव मानत नाही म्हणून बायकोला जेवायला न देणारे, सुनेला आरतीला जबरदस्तीने उभं करणारे भक्तही मी पाहिले आहेत.

बहिणीच्या स्थळाबद्दल मात्र माझं बोलणं थोडं वेगळं आहे. तुमचं लग्न झालेलं आहे, तिच्यापुढे अजून निवड आहे. ‘प्रेमाने सगळं होतं’ असं मी तिला सांगणार नाही. पण मुलाने पहिल्याच भेटीत ‘मी देव मानत नाही, लग्न रजिस्टर करू’ असं सांगितलं, हे मला आवडलं. बघायला येताना कपाळाला बुक्का लावून येणारी आणि लग्नानंतर बायकोच्या उपवासाची थट्टा करणारी मुलंही मी जाणते. तिने त्याच्याशी या गोष्टी तोंडाने बोलून घ्याव्यात: माझी वारी चालेल का, महिनाभर नसले तर घर कोण बघेल? स्वयंपाकघरात मांसाहार शिजणार का? मुलांना काय सांगायचं? माझ्या आईवडिलांच्या कार्यात तू नुसता उभा राहशील की नाही? उत्तर काय येतं त्यापेक्षा तो प्रश्न कसा ऐकतो ते बघायला सांगा. हसला तर पुढे जाऊ नका. विचारात पडला आणि ‘याचा मी विचार केला नव्हता, दोन दिवस दे’ म्हणाला, तर माणूस चांगला आहे. आणि तिने हाही प्रश्न स्वतःला विचारावा: तो आयुष्यभर असाच राहिला, कधीही बदलला नाही, तरी मला हा चालेल का? ‘नंतर बदलेल’ या हिशेबाने होकार देत असेल तर आजच नाही म्हणावं, त्यात दोघांचं भलं आहे.

कायद्याचं थोडक्यात. विधी नको असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ज्या दिवशी सह्या होतील त्या दिवशी तिला आईच्या घरी तुळशीपुढे नमस्कार करून निघायचं असेल तर ते कोणत्याही कायद्यात अडत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करायची असेल तर मात्र विधी झालेला असावा लागतो. विधी न करता त्या कायद्याखाली नुसतं सर्टिफिकेट घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढे अडचण येते.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. अशा घरांतली सगळ्यात कडू भांडणं मी मृत्यूनंतर पाहिली आहेत. बाप गेला, मुलगा मुंडण करणार नाही म्हणतो, दहाव्याला कावळा शिवेना आणि सगळी भावकी मुलाकडे बोट दाखवते. किंवा नवऱ्याने देहदानाचा फॉर्म भरलेला असतो आणि बायकोला तो त्याच दिवशी पहिल्यांदा दिसतो. तुम्ही दोघं अजून चाळिशीत आहात, म्हणून आत्ताच बसून बोला.

त्याला देहदान करायचं असेल तर बेळगावात बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, केएलई संस्थेचं जेएनएमसी मेडिकल कॉलेज आहे. फॉर्म आयुष्यात कधीही भरता येतो, पण प्रत्यक्षात देह कॉलेजकडे सोपवायचा तो घरच्यांनीच. तुम्ही नाही म्हणालात तर कॉलेज भांडत बसत नाही. म्हणजे त्याची शेवटची इच्छा तुमच्या शब्दावर उभी आहे. तुम्हाला वाटेल, अग्नी दिला नाही तर गती कशी मिळेल? तुमच्या समाधानासाठी मार्ग आहेत. देह समोर नसताना करायचा पालाशविधी आपल्या शास्त्रात आहे, त्याबद्दल तुमच्या गुरुजींना विचारा. नामस्मरण आहे, त्याच्या नावाने अन्नदान आहे. हे तुम्ही तुमच्यासाठी करा, त्याला आधी सांगून करा. आणि तुमची इच्छाही त्याला स्पष्ट सांगा: तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल, कपाळाला गोपीचंदन, गळ्यातली माळ काढायची नाही, मंडळाच्या बायकांनी भजन म्हणायचं, अग्नी द्यायचा. हे सगळं देव न मानणाऱ्या माणसाला करायला लागणार आहे. तो करेल का? विचारा. मी ज्या ज्या घरात हा प्रश्न विचारायला लावला, तिथे देव न मानणाऱ्या नवऱ्यांनी ‘हो’ म्हणायला वेळ लावला नाही. बायकोला ‘हो’ म्हणायला जास्त वेळ लागला. तुम्ही वेळ घ्या, पण हो म्हणा.

ठरलेलं कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा. एक प्रत थोरल्या दिरांकडे आणि एक तुमच्या भावाकडे द्या, म्हणजे त्या दिवशी भावकी जमल्यावर तुम्हाला एकटीला बोलावं लागणार नाही. नेत्रदानाचं ठरलं तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर त्याच कागदावर हवा. आणि पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्गजन्य आजार असला तर कॉलेज देह घेत नाही. तसं झालं तर काय करायचं, तेही त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा.